दुरपदाचं अर्थिंग

गेल्या महिन्यात आमच्या बीडच्या घरी वायरमन आला होता. फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येत होत्या, आणि आमचे हे म्हणजे "चप्पल घालून उघडत जा" एवढ्यावर विषय मिटवणारे. शेवटी मीच बोलावलं त्याला. त्यानं मागच्या बोळीत खड्डा खणला, कोळसा टाकला, मीठ टाकलं, पट्टी पुरली आणि हात झटकत म्हणाला, "ताई, उन्हाळ्यात याला रोज एक तांब्या पानी घालत जा. इसरू नका बरं."

इसरू नका म्हणाला आणि माझ्या डोळ्यांना धारच लागली. तो बिचारा गडबडला. "काय झालं ताई? फ्रीज चांगला हाय की तुमचा!" म्हणाला. आता त्याला काय सांगायचं कपाळ? मी पदरानं तोंड पुसलं आणि त्याला चहा टाकला.

अर्थिंगला पाणी घालायचं असतं हे मला वयाच्या नवव्या वर्षी दुरपदानं शिकवलं होतं. पाणी घातलं नाही तर काय होतं, तेही तिच्यामुळेच कळलं. ते मात्र तिनं शिकवलं नव्हतं.

दुरपदा आमच्या गावातली, आमच्या घरापासून चौथ्या घरातली पोरगी. शाळेच्या हजेरीवर द्रौपदी, घरी दुरपदा, आणि माझ्या आईला तिचा राग आला की 'दुरपी'. मी नऊ वर्षांची, ती बारा वर्षांची, तरी दोघी एकाच वर्गात. कारण दर वर्षी अर्धं साल ती आईबापासोबत ऊसतोडीला जायची. गुरुजी तिला म्हणायचे, "तू शाळेत येतीस का पाव्हणी म्हणून येतीस?" त्यावर ती मान खाली घालून हसायची. अंगानं काडी, पण हाताचे पंजे बाईमाणसाएवढे. वेणीला रिबीन नसायची. लाल-काळ्या वायरीचा तुकडा सोलून, पिळून बांधलेला असायचा, आणि तो म्हणे रिबिनीपेक्षा जास्त टिकतो.

तिची एक सवय मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. कुठलीही अनोळखी वस्तू ती तळहातानं धरायची नाही, आधी उपड्या हातानं, म्हणजे हाताच्या पाठीनं, शिवायची. "तळहातानं धरलं तर करंट तुला धरून ठिवतो. उपडा हात लावला तर फेकून देतो. जीव वाचतो." हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. पण एकदा डोक्यात बसलं ते बसलंच. तव्यावरची भाकरी, शेळीचं नवं पिल्लू, गुरुजींची सायकल, सगळं ती उपड्या हातानं शिवायची. मला ताप आला की माझ्या गालालाही तसाच हात लावायची आणि म्हणायची, "करंट हाय गं लई."

आमच्या अण्णांची पिठाची गिरणी होती, म्हणजे घरात टेस्टर, पक्कड, फ्यूजची तार सगळं असायचं. दुरपदाच्या घरात एक बल्ब होता, आणि तो एका तारेवर चालायचा. हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. गिरणीची लाईन वेगळी, पण आमच्या आळीत खांबावरची दुसरी तार कधीची तुटलेली. ती जोडायला कुणी येईना. मग लोकांनी काय केलं, एक तार खांबावरून घेतली आणि दुसरी घरामागं जमिनीत ठोकलेल्या लोखंडी पहारीला बांधली. जमीन हीच दुसरी तार. माती ओली असली की दिवा लख्ख, आणि वैशाखात माती वाळली की बल्बात नुसता लाल दोरा दिसायचा. तेव्हा घराघरातून बाया ओरडायच्या, "अरे, अर्थिंगला पानी घाला रे कुनीतरी!" दुरपदा म्हणायची, "जमीन तान्हेली की दिवा रुसतो."

बाकीच्या घरी ते एक काम होतं, दुरपदाला मात्र तो नादच लागला. त्या उन्हाळ्यात तिनं पहारीच्या आळ्यात काय काय ओतलं म्हणून सांगू! साधं पाणी, मिठाचं पाणी, ताक, भांड्याचं खरकटं पाणी, एकदा तर आख्खा चहा. मी दारात उभी राहून बल्बाकडं बघायचं आणि ओरडून सांगायचं, "वाढलाऽ! वाढलाऽ! थांबला!" मिठाच्या पाण्याचा पहिला नंबर आला. दुसरा नंबर शेळीच्या मुताचा. ताक एकदम नापास. चहाबद्दल तिच्या आईनं तिला बदडलं, म्हणून त्याचा निकाल लागला नाही.

मग तिच्या ध्यानात आलं की आळं ओलं असलं की शेळी तिकडं फिरकत नाही. "तिला काय समजतं गं?" म्हणत ही अनवाणी पायांनी आळ्याकडं सरकू लागली. एक पाऊल, अर्धं पाऊल. "आल्या, मुंग्या आल्या," म्हणाली. मग मला म्हणाली, "संगे, तू बी ये." आणि मीही, गाढव ती, गेले! तळपायातून पोटरीपर्यंत सरसर काहीतरी चढलं. आम्ही किंचाळून मागं पळालो आणि हसून हसून लोळलो. पुढं आठ दिवस आमचा खेळच झाला तो, कोण किती जवळ जातं ते बघायचा. आज माझी पोरगी ओल्या हातानं चार्जर लावते तर मी घर डोक्यावर घेते. आम्ही जिवंत राहिलो ही देवाची मेहेरबानी, दुसरं काही नाही.

दिवाळीला माझ्या मामानं जीप आणली. निळ्या दिव्याची, सायरन वाजवत पळणारी. चार दिवस ती घरभर बोंबलत फिरली आणि पाचव्या दिवशी सेल उतरले. आम्ही ते पत्र्यावर उन्हात ठेवले, दातानं चावले, तरी गाडी वीतभर जाऊन थांबायची. दुरपदानं जीप उपड्या हातानं शिवली, मग कानाशी लावली, आणि गंभीर तोंड करून म्हणाली, "दोन सेलावर येवढी पळती. बोर्डाच्या करंटवर किती पळंल?"

मला तर वाटलं, थेट नेकनूरच्या बाजाराला जाईल.

भर दुपारी गिरणी चालू, बाहेर दळणाच्या डब्यांची रांग, आणि आम्ही मागच्या खोलीत. जीपच्या पोटातून दोन वायरी काढल्या, टोकं सोलली आणि बोर्डात खुपसली. मी बटण दाबलं. जीपचं चाक एकदा, एकदाच फिरलं. मग फाट्दिशी आवाज, निळा जाळ, जळक्याचा वास, आणि गिरणी हळूहळू घुंघुं करत बंद. पिठानं पांढरेफेक अण्णा दारात उभे राहिले. नुसत्या डोळ्यांचीच दोन भोकं दिसत होती. बाहेरून कोणीतरी म्हणालं, "काय बे, लाईट गेली का?" अण्णा म्हणाले, "लाईट न्हाई गेली. माझ्या पोरीची अक्कल गेली!" मी रडायला सुरुवात केली, मार पडायच्या आधीच, म्हणजे कमी पडतो. दुरपदाचं तिकडं लक्षच नव्हतं. ती त्या काळ्याठिक्कर जीपच्या पोटात बोट घालून बसली होती. सायरनची चकती आधीच निखळून आत लोंबत होती, म्हणून वाचली. तिनं ती सेलाला टेकवली. कुईं कुईं वाजली.

"गाडी मेली," दुरपदा म्हणाली. "पर बोंब जिती हाय."

ती बोंब तिनं मागून घेतली. मी दिली, मला काय करायची होती?

आमचं गाव नेकनूरच्या पुढं, डोंगराच्या पोटात. दिवाळीचा फराळ संपला की ट्रक लागायचे आणि दोन दिवसांत गाव ओस पडायचं. मागं राहायचे म्हातारेकोतारे, दुकानदार आणि आमच्यासारखे गिरणीवाले. आमच्या नि दुरपदाच्या घरामधली तीनही घरं कुलूपबंद व्हायची. त्या साली दुरपदानं हट्ट धरला, मी येत नाही, मी शाळेत जाणार. तिची आजी तशीही आता प्रवासाला झेपत नव्हती, घरी कुणीतरी हवंच होतं. पण आजी ठार बहिरी.

तिचे दादा, म्हणजे वडील, आमच्या ओट्यावर येऊन बसले. "अण्णा, पोरगी म्हनती ऱ्हाते. पर काई झालं, पोरगी वरडली, तर तुमच्या गिरनीम्होरं कुनाला ऐकू जायचं?"

"आमी हाव की," अण्णा म्हणाले. "संगी दिवसातून चारदा चक्कर मारील."

"तुमी हाव म्हनूनच ठिवायलोय. पर एक सांगून ठिवतो. एकदा बी काई वंगाळ झालं, तर पुढच्या साली पोरगी तोडीच्या गाडीवर. मंग साळा न्हाई न् काई न्हाई."

दुरपदा खांबाआड उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. गिरणीची मोटार मागं जळाली होती, तिच्यातली काढलेली तांब्याची तार अण्णांनी पोत्यात घालून ठेवली होती. ती मागायला दुरपदा आमच्याकडं आली. जळके तुकडे टाकून, चांगले तुकडे एकमेकांना पिळून, ब्लेडनं टोकं खरडून तिनं तार जोडली. तिच्या घरापासून मधल्या तीन घरांच्या पत्र्यांवरून आमच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ती बरोब्बर एकदाच पुरली. परतीची तार उरली नाही.

"आता गं?" मी म्हणाले.

"आता काय? जमीन हाय की."

तिनं दादांचे दोन मोडके कोयते आणले. एक तिच्या अंगणात पुरला, एक आमच्या दाराशी. दोन्हीकडं आळं केलं, मीठ घातलं, पाणी ओतलं. तिच्या खाटेजवळ पोकळ बांबूत ओळीनं सहा सेल आणि एक दाबायची पट्टी, आमच्या दारावर ती जीपची बोंब. ट्रक यायच्या आदल्या सांजेला तिनं दादांना आमच्या दारात उभं केलं आणि स्वतः घरी पळत गेली. गिरणी चालू होती. आम्ही सगळे चकतीकडं बघत उभे. आणि ती चकती वाजली! बारीक, घोगरी, सर्दी झालेल्या मांजरीसारखी, पण वाजली. तिचे दादा कोयता पुरलेल्या जागेकडं बघत राहिले. "आयला, जमिनीतून आली का गं ही?" म्हणाले आणि हसले. तिची आई मात्र तोंडात पदर घालून रडत होती.

नियम दुरपदानंच घातले. दिवेलागणीला एकदा वाजली म्हणजे 'मी हाय'. तीनदा वाजली म्हणजे 'या'. एकदा वाजली की मी दारात येऊन जोरात ओरडायचं, "ऐकलंऽ!" आणि रोज शाळेत जाताना दोघींनी आपापल्या कोयत्याला एक एक तांब्या पाणी घालायचं. वाटेत ती मला रोज विचारायची, "घातलं का?" मी म्हणायचे, "घातलं."

ते चार महिने मला दुरपदा खरी दिसली. ती एकटी राहते हे ती कुणाला कळू द्यायची नाही. दादांच्या जुन्या चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवायची आणि रोज थोड्या हलवायची, म्हणजे माणूस आतबाहेर करतंय असं वाटावं. भांडेवाला, केसांवर फुगे देणारा, कुणी दारात आला की घरात तोंड करून मोठ्यानं म्हणायची, "दादा, झोपा तुमी, मी बघते." आजीला तर काही ऐकू यायचं नाही, तरी तिच्याशी दिवसभर बोलायची आणि आजीची उत्तरंही स्वतःच द्यायची, आजीच्या आवाजात. एकदा मी बाहेरून ऐकलं तर दोघी जणी चक्क भांडत होत्या.

जेवताना ती उंबऱ्यावर ताट घेऊन बसायची. तिथून वाकून पाहिलं की तीन कुलपांच्या पलीकडं आमचं दार दिसायचं. दिवेलागणीची बोंब ती कधी कधी दोनदा वाजवायची. एकदा 'मी हाय' म्हणून, आणि एकदा उगीच. त्या दुसऱ्या वेळेला मी माझं ताट उचलून तिच्याकडं जायचे. आई म्हणायची, "ती बोंबली की निघाली आमची बया, भरल्या ताटावरून!" पण ताटात एक भाकरी जास्तीची वाढायची.

एकदा मी तिला विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"कशाची?" ती म्हणाली. "करंट खोटं बोलत न्हाई संगे. दाबलं की वाजतंय. मानसाचं सांगता येत न्हाई."

होळीच्या आधी मामा पुन्हा आला. या वेळी हातातला व्हिडिओ गेम घेऊन. वरून विटा पडतात आणि खाली रचायच्या, तो. मी वेडी झाले त्याच्यापायी. जेवताना गेम, न्हाणीत गेम, अंथरुणात गेम. फाल्गुनातलं ऊन तापायला लागलं होतं, माती दिवसात कोरडी पडत होती, आणि माझा तांब्या देवळीत पालथा पडून होता. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. शाळेच्या वाटेवर दुरपदानं विचारलं, "घातलं का?" मी गेमवरची नजर न काढता म्हणाले, "घातलं."

"काल सांच्याला वाजवली. तू वरडली न्हाईस."

"ऐकली की. आई रागवली म्हणून ओरडले नाही."

मी काही ऐकलं नव्हतं. वाजलीच नव्हती ती. आणि वाजली नाही हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. दुरपदानं माझ्याकडं पाहिलं, "बरं" म्हणाली आणि चालू लागली. तिनं विश्वास ठेवला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी आजी फळीवरचं मडकं काढायला गेली, तोल गेला आणि डोकं दगडी उंबऱ्यावर आपटलं. भळाभळा रक्त. दुरपदानं जुन्या लुगड्याच्या धडप्याचा बोळा करून जखमेवर दाबून धरला. सोडला की रक्त यायचं. आजीनं घाबरून तिचा दुसरा हात घट्ट धरलेला. मग तिनं पायाच्या अंगठ्यानं ती पट्टी दाबली. तीनदा. थांबली. पुन्हा तीनदा. गिरणी घरघरत होती, आमच्या दारावरची चकती मुकी होती, आणि मी तिच्याच खाली भिंतीला टेकून विटा रचत बसले होते.

ती धावत का आली नाही, असं नंतर सगळ्यांनी विचारलं. मला कधीच विचारावं लागलं नाही. तिला वाटत होतं, आम्ही निघालोय. आत्ता येऊ, आत्ता येऊ. तिनं पट्टी दाबली होती ना!

शेळ्या घरी आणणाऱ्या एका गुराख्याला दिवस कलताना तिचा आवाज ऐकू आला. तोवर दोन तास गेले होते. आजीला जीपमध्ये घालून बीडच्या दवाखान्यात नेलं. म्हातारी वाचली, पण त्यानंतर खाटेवरून उठली नाही. तिसऱ्या दिवशी दुरपदाचे दादा आले. उसाची कुसळं अंगावर तशीच, डोळे तांबारलेले. आमच्या दारात माणसं जमली. कुणीतरी जाऊन पट्टी दाबून पाहिली. बोंब वाजली नाही.

"खेळनं ते," दादा म्हणाले. "पोरीच्या खेळन्यावर म्या घर सोडून गेलो."

अण्णा माझ्याकडं वळले. "संगे, पाणी घालायचीस ना तू?"

मी बोलणार होते की नव्हते, देवाला माहीत. मी काही बोलायच्या आत दुरपदा पुढं झाली. "घालायची अण्णा ती. रोज घालायची. म्याच जोड नीट पिळला न्हवता. सेल बी उतरले व्हते."

तिच्या दादांनी तिच्या कानाखाली मारली नाही, शिवीही दिली नाही. "कळली तुपली अक्कल," एवढंच म्हणाले. मग त्यांनी पत्र्यावरची तार ओढून काढली आणि आमच्या दाराशी पुरलेला कोयता उपटला. त्याला चिकटलेली माती कोरडी होती, भुरुभुरु गळाली. ते सगळ्यांसमोर झालं, पण त्या मातीकडं दोघींनीच पाहिलं.

त्या दिवसापासून मी तिच्याकडं गेले नाही. लाज वाटत होती. तिनं मला वाचवलं, म्हणून जास्तच. शाळेत जाताना मी मागच्या वाटेनं जायचे. दिवेलागणीला ती उंबऱ्यावर ताट घेऊन बसलेली दिसायची, तोंड आमच्या दाराकडं. दोन-तीनदा तिनं हात वर केला. मी गेममध्ये डोकं घातलं. तिचे दादा पुन्हा तोडीवर गेले, पाडव्याला आईबाप दोघंही परत आले, पावसाळा गेला, दिवाळी झाली. आजीला आत्याकडं पोचवलं आणि दुरपदा ट्रकवर चढली. मी खिडकीतून पाहिलं. ट्रकच्या फाळक्याला धरण्याआधी तिनं तो उपड्या हातानं शिवून पाहिला. ती पुन्हा शाळेत आली नाही. दोन वर्षांनी तिकडंच तिचं लग्न उरकलं.

वायरमन गेल्यावर मी आईला फोन केला. दुरपदा नेकनूरजवळच्या एका वस्तीवर असते, आता ऊसतोडीला जात नाही, एवढं कळलं. रविवारी बसमध्ये बसले आणि गेले.

रस्त्याच्या कडेला दोन पत्र्याच्या खोल्या. नवरा ट्रॅक्टरवर, पोरगा पुण्याला, पोरगी सासरी. दाराबाहेर पुरुषाच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. केस अर्धे पांढरे झालेले, पंजे तेवढेच मोठे. मला पाहून जवळ आली आणि माझ्या गालाला उपडा हात लावला.

"संगीच हाय," म्हणाली.

चहा झाला, पोराबाळांचं झालं. वस्तीवर कुणाची मोटार अडली की आधी हिला बोलावतात, हे तिनं सांगितलं नाही, चहा होईतो दोघे जण हाक मारून गेले तेव्हा मला कळलं. मी घरच्या नव्या अर्थिंगचं सांगितलं. ती खूश झाली. "कोळसा टाकला का? चांगलं केलं." मग मात्र मला राहवेना.

"दुरपदे, मी पाणी घातलं नव्हतं. तीन दिवस."

ती तूर निवडत होती. हात थांबला नाही. "म्हाईत हाय की. कोयता उपटला तवाच कळलं."

"मग सांगितलं कावून नाहीस? शाळा गेली तुझी!"

"साळा तर जानारच व्हती. म्हातारी पडली तवाच गेली." तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. "सांगितलं असतं तर तुला तुझ्या आईनं मारलं असतं. मपल्याकडं येऊ दिलं नसतं. मला तू येकटीच व्हतीस."

तुरीकडंच बघत म्हणाली, "तर तू आलीच न्हाईस."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी रडले. तिनं मला रडू दिलं आणि मग पाण्याचा तांब्या पुढं केला.

परतीची बस आली. मी चढले. तांब्यात उरलेलं पाणी घेऊन ती घराच्या कडेला गेली, तिथं मीटरखाली ओलं आळं होतं, त्यात ओतलं. मग रस्त्याकडं वळून काहीतरी ओरडली. इंजिनाच्या आवाजात मला काही कळलं नाही. मी खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडले, "ऐकलंऽ!"

पुन्हा? या वयात पुन्हा तेच?

"थांबवा हो, उतरायचंय!" मी कंडक्टरला म्हणाले. तो म्हणाला, "बाई, आत्ता तर चढलात." बाजूच्या बाया हसल्या. हसू देत. मी वळणावर उतरले आणि उन्हातून मागं चालत आले. पाय दुखत होते, चपलेचा अंगठा तुटायला आला होता.

दुरपदा ताट घेऊन उंबऱ्यावर बसली होती, तोंड रस्त्याकडं. मला येताना पाहून तिचा घास हातातच राहिला.

"काय गं, काय राह्यलं?"

"तू काय म्हणालीस? मला ऐकू आलं नाही."

"मंग ऐकलं म्हनून कावून वरडलीस?"

"खोटं बोलले."

तिनं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "काई न्हाई गं. घरच्या अर्थिंगला आज पानी घातलं का, इचारत व्हते."

"नाही," मी म्हणाले. "आज नाही घातलं."

दुरपदा उंबऱ्यावर थोडी बाजूला सरकली आणि ताटातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली.